घरचा जुना, संथ कॉम्प्युटर पुन्हा कामाला लावताना

'कॉम्प्युटर फार हळू चालतो' या एका तक्रारीमागे निरनिराळी कारणं असतात. डिस्क मागे पडते, रॅम (चालू काम ठेवायची तात्पुरती जागा) पुरत नाही, प्रोसेसर (सगळं काम करणारी मुख्य चिप) तापून स्वतःच आपला वेग उतरवतो, किंवा कधीकाळी टाकलेले प्रोग्रॅम पडद्यामागे बसून सगळं खात राहतात. वरून सगळं सारखंच दिसतं, पण उपाय प्रत्येकाचा वेगळा. डिस्क दमलेली असताना रॅम वाढवली तर पैसे जातात आणि वेग तिथेच राहतो. म्हणून पहिला अर्धा तास काहीही विकत न घेता, काहीही न काढता, फक्त बघण्यात घालवा.

त्याच्याही आधी फोटो, कागदपत्रं आणि हिशेबाच्या फाइल दुसऱ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. संथपणाचं कारण कधी कधी मरायला टेकलेली हार्ड डिस्क असते, आणि तिच्यावर प्रयोग करत बसण्याइतका वेळ हातात असेलच असं नाही.

आधी मोजा

पुढच्या पायऱ्या विंडोज १० आणि ११ साठी आहेत. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. लहानशी खिडकी आली तर खालच्या 'मोअर डिटेल्स'वर क्लिक करा आणि 'परफॉर्मन्स' या भागात जा. कॉम्प्युटर सुरू केल्यावर दहा मिनिटं जाऊ द्या, कारण सुरुवातीला प्रत्येक मशीन धावपळीत असतं. मग नेहमीचं काम सुरू करा. ब्राउझर उघडा, एखादी फाइल उघडा आणि आकडे बघत राहा.

डिस्क १०० टक्के आणि प्रोसेसर मात्र १५-२० टक्क्यांवर, असं दिसलं तर दोष डिस्कचा. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. हा १०० टक्क्यांचा आकडा डिस्क किती वेळ गुंतलेली आहे ते सांगतो, किती माहिती वाहते आहे ते नाही. शेजारी वाचण्याचा वेग बघितलात तर तो सेकंदाला जेमतेम १-२ एमबी असू शकतो. फिरत्या हार्ड डिस्कमध्ये वाचणारं टोक तबकडीवर इकडून तिकडे सरकतं, आणि एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायला साधारण १० ते १५ मिलिसेकंद लागतात. विंडोज सुरू होताना हजारो लहान फाइल वाचते. प्रत्येक फाइलसाठी ही धाव घ्यावी लागते, म्हणून मोठा सिनेमा झटपट कॉपी करणारी तीच डिस्क ब्राउझर उघडताना मात्र गुडघे टेकते.

मेमरी सतत ८५-९० टक्क्यांच्या वर राहिली तर रॅम कमी पडते आहे. रॅम भरली की विंडोज तिच्यातला काही भाग डिस्कवर नेऊन ठेवते, आणि डिस्क फिरती असेल तर तीही १०० टक्क्यांवर जाते. दोन्ही आकडे एकदम वर दिसले की आधी कोणता चढला ते बघा.

प्रोसेसर १०० टक्क्यांवर अडकला असेल तर 'प्रोसेसेस' भागात जाऊन 'सीपीयू' या शीर्षकावर क्लिक करा, सगळ्यात जास्त खाणारा वर येतो. विंडोज अपडेट किंवा अँटिव्हायरसचं स्कॅन असेल तर तासभर थांबा, ते संपतं. अनोळखी नाव रोजच वर येत असेल तर विंडोज सिक्युरिटीमधून 'ऑफलाइन स्कॅन' चालवा. मशीन रिकामं नसताना, म्हणजे जोरात काम करत असताना, 'स्पीड'चा आकडा 'बेस स्पीड'पेक्षा बराच खाली राहत असेल तर प्रोसेसर तापतो आहे किंवा त्याला वीज कमी मिळते आहे. काम नसताना हा आकडा खाली असणं मात्र अगदी बरोबर आहे.

त्याच पानावर 'अप टाइम' लिहिलेला असतो. रोज रात्री शट डाउन करूनही तिथे १२ किंवा २० दिवस दिसले तर दचकू नका. विंडोजमधली 'फास्ट स्टार्टअप' ही सोय शट डाउन करताना प्रणालीचा गाभा डिस्कवर जपून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा उचलते. त्यामुळे अडकलेले ड्रायव्हरही (प्रिंटर, ग्राफिक्ससारखे भाग चालवणारे प्रोग्रॅम) तसेच परत येतात. 'रीस्टार्ट' केलं की खरोखर नवी सुरुवात होते. आठवड्यातून एकदा शट डाउनऐवजी रीस्टार्ट करा. काही मशीनचं दुखणं एवढ्यानेच जातं.

पैसे न लागणारी कामं

टास्क मॅनेजरमध्येच 'स्टार्टअप' हा भाग आहे. कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप उठणाऱ्या प्रोग्रॅमची यादी तिथे मिळते, आणि 'स्टार्टअप इम्पॅक्ट' या रकान्यात कोणाचा भार किती तेही. गप्पांची ॲप, गेमचे लाँचर, प्रिंटरचे मदतनीस, संगीताची ॲप, निरनिराळे 'अपडेटर' यांच्यावर उजवं क्लिक करून 'डिसेबल' करा. यामुळे प्रोग्रॅम पुसला जात नाही, तुम्ही उघडाल तेव्हा तो उघडतोच. टचपॅड, आवाज आणि अँटिव्हायरसच्या नोंदी मात्र राहू द्या. क्लाउडवर फाइल चढवणारा प्रोग्रॅम बंद करण्याआधी विचार करा, कारण तो बंद असेपर्यंत बॅकअपही थांबतो.

मग 'सेटिंग्ज' मधल्या 'ॲप्स'मध्ये जाऊन वर्षभरात न वापरलेलं काढून टाका. दोन बाहेरचे अँटिव्हायरस एकत्र असतील तर एक आधी काढा. दोघेही प्रत्येक फाइल उघडताना तपासतात आणि एकमेकांच्या कामात पाय घालतात. मुदत संपलेली चाचणी आवृत्ती तर काहीच राखत नाही, नुसती सूचना दाखवत बसते. ती काढली की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप सुरू होतो, आणि घरच्या वापराला तो पुरेसा आहे.

जागा मोकळी करायची तर 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'स्टोरेज', 'टेम्पररी फाइल्स' या वाटेने जा. पुसण्याआधी यादी वाचा. तिच्यात 'डाउनलोड्स' हे फोल्डरही असतं, आणि त्याच्यावर खूण केली तर उतरवून ठेवलेली बिलं आणि अर्ज सगळं जाईल. सी ड्राइव्हवर १५ ते २० टक्के जागा मोकळी हवी. त्याहून जास्त मोकळी केल्याने वेग वाढत नाही, तेव्हा जपून ठेवलेले फोटो वेगाच्या आशेने पुसू नका.

ब्राउझर हा आजच्या घरगुती कॉम्प्युटरचा सगळ्यात मोठा खादाड. एक्स्टेन्शनची यादी उघडा आणि जे आठवत नाही ते काढा. क्रोममध्ये 'मेमरी सेव्हर' आणि एजमध्ये 'स्लीपिंग टॅब्ज' चालू ठेवा, म्हणजे न बघितलेली पानं झोपी जातात. व्हिडिओ अडखळत असेल तर गुणवत्ता १०८० वरून ७२० किंवा ४८० करून बघा. जुन्या ग्राफिक्स चिपला नव्या पद्धतीचे व्हिडिओ उलगडता येत नाहीत, ते ओझं प्रोसेसरवर येतं. इंटरनेटचा दोष समजून लोक उगाच कनेक्शन बदलतात.

लॅपटॉप असेल तर 'पॉवर' सेटिंगही बघा. 'पॉवर सेव्हर' किंवा 'बेस्ट पॉवर एफिशियन्सी' निवडलेलं राहिलं असेल तर प्रोसेसरला लगाम बसतो. काही लॅपटॉप भलताच किंवा कमी वॉटचा चार्जर लावल्यावरही मुद्दाम हळू चालतात. मूळ चार्जरवर लिहिलेले वॉट आणि आत्ताच्या चार्जरवरचे वॉट ताडून बघा.

हे करू नका

'एका क्लिकमध्ये वेग वाढवा' असं सांगणारे प्रोग्रॅम टाकू नका. रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीतल्या) काही शे नोंदी पुसल्याने जाणवण्याइतका फरक पडत नाही, चुकीची एक नोंद गेली तर मात्र प्रोग्रॅम उघडायचे थांबतात. आपोआप ड्रायव्हर बदलणारी साधनंही तशीच. ड्रायव्हर विंडोज अपडेटवरून किंवा मशीन बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरूनच घ्या. रॅम 'साफ' करणारी ॲप चालू पानं डिस्कवर ढकलतात, आणि पुढच्या क्षणी तीच परत आणावी लागतात. रॅम भरल्यावर डिस्कवर वापरली जाणारी 'पेजिंग फाइल' बंद करण्याचा सल्लाही सर्रास मिळतो. ती बंद केली की रॅम संपताच प्रोग्रॅम कोसळतात. डीफ्रॅगमेंटचं, म्हणजे डिस्कवर विखुरलेले फाइलचे तुकडे एकत्र आणण्याचं काम विंडोज ठरलेल्या वेळी स्वतः करते. फिरत्या डिस्कला ते उपयोगी आहे, एसएसडीला (फिरते भाग नसलेल्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्कला) विंडोज मुख्यतः 'ट्रिम'चा, म्हणजे पुसलेल्या फाइलची जागा मोकळी झाल्याचं कळवणारा आदेश देते. म्हणून हे वेळापत्रक चालू ठेवा आणि बाहेरचा डीफ्रॅग प्रोग्रॅम एसएसडीवर चालवू नका, त्याने उगाच लिखाण वाढून तिचं आयुष्य घटतं.

डिस्क जिवंत आहे ना?

क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम डिस्कने स्वतःबद्दल नोंदवून ठेवलेली माहिती दाखवतो. निळं 'गुड' दिसलं तर ठीक. पिवळं 'कॉशन' दिसलं तर 'रीअलोकेटेड सेक्टर्स' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' या ओळी बघा. यांचे आकडे शून्याच्या वर असतील आणि आठवड्यागणिक वाढत असतील तर डिस्कचा पृष्ठभाग खराब होतो आहे. ती तोच भाग पुन्हा पुन्हा वाचू पाहते आणि तेवढा वेळ अख्खं मशीन गोठतं. 'सीआरसी एरर' (माहिती वाटेत बिघडल्याच्या नोंदी) वाढत असतील तर बहुतेक वेळा डिस्क चांगली आणि केबल सैल किंवा खराब असते. टिक-टिक किंवा खरखर ऐकू येत असेल तर पुढचं सगळं सोडून आधी फाइल वाचवा.

धूळ आणि उष्णता

प्रोसेसर १०० अंश सेल्सियसच्या आसपास पोचला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. एचडब्ल्यूमॉनिटरसारख्या मोफत साधनाने तापमान बघा. स्वस्थ असताना ३५ ते ५० आणि जोराच्या कामात ८०-८५ पर्यंत चालतं. सतत ९५ च्या वर असेल तर साफसफाई हवी.

मशीन बंद करा, वायर काढा, मग पॉवरचं बटण १०-१५ सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. मऊ ब्रशने आणि हवेच्या डब्याने पंखा व जाळी साफ करा. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने किंवा काडीने धरून ठेवा, नाहीतर तो भरधाव फिरून त्याचं बेअरिंग बिघडतं. खरी अडचण पंख्यावर नसते, पंखा आणि धातूच्या पातळ पट्ट्या यांच्यामध्ये धुळीची गादी साचलेली असते. लॅपटॉपमध्ये ती बघायला पंखा सोडवावा लागतो. घरातला व्हॅक्यूम क्लिनर थेट बोर्डावर लावू नका, त्याच्या नळीत स्थिर वीज तयार होते.

धूळ काढूनही तापमान उतरलं नाही तर प्रोसेसर आणि हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळली असणार. हीटसिंक काढण्यापूर्वी मशीन थोडं गरम करून घ्या, म्हणजे पेस्ट सैल होते. मग वायर काढा आणि सरळ वर न ओढता हलकं पिळून सोडवा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाटाण्याहून लहान एक थेंब मधोमध ठेवा आणि स्क्रू तिरक्या जोड्यांनी, थोडे थोडे करून आवळा. जास्त पेस्ट घातली म्हणजे जास्त थंड असं होत नाही.

रॅम: किती आणि कोणती

४ जीबीवर आजचा ब्राउझर रखडतो. साध्या घरगुती कामाला ८ जीबी पुरते, फोटो-व्हिडिओचं काम असेल तर १६. त्याआधी 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'अबाउट' मध्ये 'सिस्टिम टाइप' बघा. विंडोज ३२ बिटची असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम तिला वापरताच येत नाही. आधी ६४ बिटची नव्याने टाकावी लागेल.

टास्क मॅनेजरच्या 'मेमरी' पानावर किती खाचा आहेत, किती भरल्या आहेत आणि रॅमचा वेग किती ते दिसतं. प्रकार जुळलाच पाहिजे. डेस्कटॉपच्या डीडीआर ३ पट्टीला २४० पिना असतात, डीडीआर ४ ला २८८. लॅपटॉपच्या छोट्या पट्ट्यांना अनुक्रमे २०४ आणि २६०. मधली खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे चुकीची पट्टी बसतच नाही. जोर लावू नका. लॅपटॉपमध्ये डीडीआर ३ आणि डीडीआर ३ एल हा फरकही जपा. ३ एल १.३५ व्होल्टवर चालते, साधी ३ ला १.५ लागतात, फक्त ३ एल मागणाऱ्या लॅपटॉपमध्ये साधी पट्टी घातली तर तो सुरूच होत नाही.

पट्टी बसवण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. लॅपटॉपमध्ये ती साधारण ३० अंशांच्या तिरकेपणाने घालून खाली दाबायची, दोन्ही बाजूंचे चिमटे वाजले पाहिजेत. नंतर पडदा काळा राहिला किंवा बीप वाजले तर घाबरू नका, दहापैकी नऊ वेळा पट्टी पुरती बसलेली नसते. काढा, सोनेरी टोकं कोरड्या मऊ कापडाने पुसा आणि पुन्हा बसवा.

एसएसडी: खरा बदल इथेच

मशीनमध्ये अजून फिरती डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी घालण्याइतका फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही. दोन-तीन मिनिटं घेणारी विंडोज अर्ध्या मिनिटाच्या आसपास उभी राहते. साटा या नेहमीच्या जोडणीची एसएसडी सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वाचते, पण खरी गंमत त्या आकड्यात नाही. तिच्यात सरकणारं टोकच नसल्यामुळे हजारो लहान फाइल वाचण्याचा तो थांबा नाहीसा होतो. म्हणूनच मदरबोर्ड (मशीनचा मुख्य बोर्ड) जुन्या साटा २ चा असला आणि वेग ३०० एमबीच्या आत अडकला तरीही बदल ठसठशीत जाणवतो.

जुन्या मशीनला बहुधा २.५ इंची साटा एसएसडी लागते. एम.२ ची (पातळ पट्टीसारख्या एसएसडीची) खाच दिसली तरी लगेच एनव्हीएमई, म्हणजे साटाहून वेगवान प्रकारची एसएसडी, घेऊ नका, कारण काही खाचा फक्त साटा चालवतात आणि बऱ्याच जुन्या मदरबोर्डांचं बायोस (मशीन चालू होताच सगळ्यात आधी जागा होणारा मूळ प्रोग्रॅम) एनव्हीएमईवरून विंडोज सुरू करत नाही. मॉडेलची माहितीपुस्तिका बघून ठरवा. अगदी हलक्या, स्वस्त लॅपटॉपमध्ये ईएमएमसी प्रकारची साठवणीची चिप बोर्डावरच सोल्डर केलेली असते, ती बदलता येत नाही. क्षमता २४० किंवा २५६ जीबी पुरते; फोटोंचा मोठा साठा असेल तर ५०० घ्या.

विंडोज नव्याने टाकायची की आहे तशी उचलून न्यायची? आमचं मत स्पष्ट आहे. मशीन पाच-सात वर्षं कधी साफ केलेलं नसेल तर नव्यानेच टाका, नाहीतर जुना कचराही नव्या घरात येतो.

१. दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टचं 'मीडिया क्रिएशन टूल' चालवून किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज उतरवा. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं.

२. 'बिटलॉकर' किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' (डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का ते बघा, असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा.

३. मशीन बंद करून जुनी डिस्क काढा आणि एसएसडी लावा. डेस्कटॉपमध्ये साटाची माहितीची केबल आणि विजेची केबल, दोन्ही लागतात. लॅपटॉपमध्ये एसएसडीची जाडी ७ मिमी आणि जुन्या डिस्कची बहुधा ९.५, तेव्हा हलत असेल तर सोबत आलेली चौकट चिकटवा.

४. बायोसमध्ये साटाची पद्धत 'एएचसीआय' करा आणि पेनड्राइव्हवरून सुरू करा.

५. प्रॉडक्ट की विचारली तर 'माझ्याकडे की नाही' या अर्थाचा पर्याय निवडा आणि आधीचीच आवृत्ती घ्या, होमला होम, प्रोला प्रो. विंडोज १० किंवा ११ चा डिजिटल परवाना मदरबोर्डाशी जोडलेला असतो. इंटरनेट मिळताच तो स्वतः लागू होतो.

आहे ती विंडोज उचलून न्यायची असेल तर डिस्कची हुबेहूब नक्कल (क्लोन) करणारा क्लोनझिला हा प्रोग्रॅम मोफत आहे, फक्त नवी डिस्क जुनीइतकी किंवा मोठी हवी. ती लहान असेल तर एसएसडी बनवणाऱ्याने दिलेला क्लोनिंग प्रोग्रॅम बघा. क्लोन झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क सोडवून ठेवा. दोन्हींची ओळख एकच असल्याने विंडोज गोंधळते. या वाटेने जाताना एएचसीआयची सेटिंग मात्र आहे तशीच ठेवा, मध्येच बदलली तर निळा पडदा येतो.

'बूट डिव्हाइस सापडत नाही' असं आलं तर बायोसमधला बूटचा क्रम बघा, मग जुनी डिस्क 'लेगसी' या जुन्या पद्धतीने सुरू व्हायची की 'यूईएफआय' या नव्या पद्धतीने ते ताडून बघा. एसएसडी दिसतच नसेल तर केबल किंवा पोर्ट बदला. जुनी डिस्क चांगल्या स्थितीत असेल तर डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी कॅडीत (डिस्क धरणाऱ्या चौकटीत) बसवून साठवणीला वापरता येते. कॅडी ९.५ किंवा १२.७ मिमी जाडीची मिळते, आधी मोजा. एसएसडी मात्र मुख्य जागीच ठेवा. महिनाभर तरी जुनी डिस्क पुसू नका, राहून गेलेली फाइल नेहमी नंतर आठवते.

विंडोज की लिनक्स

विंडोज १० ची मोफत सुरक्षा अद्ययावती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. घरगुती वापरासाठीची वाढीव मुदत नोंदणी करणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि ठरलेल्या यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलमध्ये ही यादी मुख्यतः आठव्या पिढीपासून सुरू होते. अटी चुकवून ११ टाकण्याच्या युक्त्या आहेत, पण पुढची अद्ययावती मिळेलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही, म्हणून बँकेचे व्यवहार करणाऱ्या मशीनवर ते नको.

११ च्या अटीत न बसणाऱ्या मशीनला लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची हलकी एक्सएफसीई आवृत्ती चांगली मानवते. किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा लागते, ४ जीबीवर ती आरामात चालते. लगेच टाकू नका. पेनड्राइव्हवरून 'लाइव्ह' सुरू करा, त्यात डिस्कला हात लागत नाही. तासभर वापरून वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर आणि झाकण मिटल्यावर झोपून पुन्हा जागं होणं तपासा. मराठी टायपिंगसाठी 'इनस्क्रिप्ट' कीबोर्ड जोडून चार ओळी लिहून बघा. विंडोजवरच चालणारा एखादा हिशेबाचा किंवा सहीच्या प्रमाणपत्राचा प्रोग्रॅम घरात लागतो का, हे इन्स्टॉलचं बटण दाबण्याआधी घरातल्या सगळ्यांना विचारा.